एकशे दहा घोड्यांची गाडी

शिवेपर्यंत जायचं, शीव ओलांडायची आणि तिथूनच माघारी फिरायचं. काटा वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, कारण त्या गाडीचा काटा मैलांचा आहे हे नंदिनीला ठाऊक होतं. माऊलीचा पट्टा सोडायचा नाही. एवढं सगळं तिनं नवऱ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मगच आपल्या साडेतीन वर्षांच्या लेकाला त्या बुटक्या लाल गाडीत बसू दिलं.

"अजून काही?" सुदर्शन म्हणाला. "पेट्रोल काढून टाकू का? ढकलत नेतो."

"ढकलत नेलीत तर माझी काही हरकत नाही."

"आबा, ऐका तुमच्या सुनेचं."

रामकिसनआबा दारात खुर्ची टाकून बसले होते. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी धूळ, ऊन आणि प्रवास सगळंच बंद केलेलं, म्हणून या दसऱ्याला ते पिशोरला न जाता लेकाच्या घरी चिकलठाण्यातच अडकून पडले होते. काळ्या चष्म्याआडून ते हसले.

"जाऊ दे गं माय. दसऱ्याला नव्या वाहनानं शीव ओलांडायलाच पायजे. आन् त्यात घरातलं धाकलं माणूस बसाय पायजे. आमच्या ट्रॅक्टरवर हाच बसला व्हता, सहा महिन्यांचा. काय झालं त्याला?"

"हे असं झालं," नंदिनी म्हणाली, तसे बापलेक दोघंही हसले.

गाडी तशी नवी नव्हतीच. दोन दारं, दोनच सीट आणि उघडं टप असलेली ही विलायती गाडी सुदर्शनपेक्षा वीस वर्षांनी मोठी होती. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यामागं चिंचेखाली सडत पडलेली. सुदर्शननं ती टेम्पोत घालून घरी आणली आणि दोन वर्षं कारखान्यातून आला की पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन तिच्या पोटात शिरायचा. जोडीला चांदपाशाचाचा. एमआयडीसीत त्यांचं जुनं गॅरेज, आणि विलायती इंजिनांचं वेड दोघांचं सारखंच. गाडी चालू झाली तेव्हा नंदिनीनंसुद्धा पेढे वाटले होते. मूळची पासष्ट घोड्यांची ताकद होती तिची, आणि घरच्या तिघांना, खरं तर अडीच जणांना, फिरवायला ती पुरे होती.

पण सुदर्शनला पुरली नाही. एका कार्बोरेटरचे दोन झाले. हेड घासून आणलं. नवा कॅमशाफ्ट आला, सायलेन्सर मोकळा झाला, आणि गाडी पूर्वी घसा साफ केल्यासारखी सुरू व्हायची ती आता भांडायला उठल्यासारखी सुरू व्हायला लागली. "एकशे दहा," सुदर्शन सांगायचा, "एकशे दहा घोडे बांधलेत हिला."

"आणि थांबवायचं कशानं?" नंदिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

ब्रेक जुनेच होते. पुढच्या चाकांना डिस्क बसवायच्या होत्या, त्या बाहेरून यायच्या होत्या आणि आल्या नव्हत्या. तोवर जुन्याच ब्रेकना नवं रबर घालून काम भागवायचं ठरलं. हे ऐकल्यापासून नंदिनी रोज एकदा तरी ब्रेकचं विचारत होती. तशी तिची भीती जुनीच. माऊली सातव्या महिन्यात झाला, अठरा दिवस काचेच्या पेटीत होता, आणि ती अठरा दिवस बाहेर स्टुलावर बसून त्याचा श्वास मोजत होती. पोर घरी आलं, गुटगुटीत झालं, पण मोजायची सवय गेली नाही. उकळतं दूध, गच्चीचा कठडा, गळ्यात अडकेल असा द्राक्षाचा दाणा. कुठं काय होऊ शकतं ते तिला सगळ्यांच्या आधी दिसायचं, आणि बहुतेक वेळा ते होत नसल्यामुळं घरात तिची थट्टा व्हायची. सुदर्शन तर चारचौघांत म्हणायचा, "आमच्याकडं धुराचा अलार्म आहे. दोन पायांवर चालतो."

गाडी गेटबाहेर पडली. माऊलीनं हात हलवला. झेंडूचा हार बॉनेटवर सरकला, आवाज कॉलनीच्या कोपऱ्यावर वळला, जालना रोडच्या गर्दीत मिसळला आणि नाहीसा झाला. नंदिनीनं घड्याळ बघितलं. नऊ वाजून दहा मिनिटं. हर्सूलच्या पुढं शीव, म्हणजे जायला अर्धा तास, यायला अर्धा. सव्वादहा.

पावणेदहाला तिला माऊलीची पाण्याची बाटली आठवली. दिली होती का? ती शोधत शेडमध्ये गेली, तसे आबाही काठी टेकत मागं आले. त्यांना दाखवायचंच होतं काहीतरी.

शेडमध्ये पाटावर काल, खंडेनवमीला पुजलेली हत्यारं तशीच मांडलेली होती. पाने, हातोड्या, पक्कड, जॅक. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं, आणि लोखंड असं लख्ख की पत्र्याच्या भोकातून येणारं ऊन त्यावरून डोळ्यांत येत होतं.

"पाह्य," आबा म्हणाले. "एका डोळ्यानं धुतलंय. हाय का कुठं डाग?"

"तुम्ही धुतलंत सगळं?"

"मंग कोण धुणार? सुद्या काल पहाटंच कामावर गेलता. मला म्हणतो, आबा, नुसतं बसून राहा. बसून का राहू? खंडेनवमीला लोखंड धुतल्याबिगर पूजा व्हते व्हय? बादलीभर डिझेल घेतलं आन् टेबलावर जे जे व्हतं ते समदं बुडवलं. चाळीस वर्सं ट्रॅक्टर असाच धुतला म्या."

बाटली टेबलाखाली होती. नंदिनी ती घ्यायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"टेबलावरचं सगळं?"

"समदं. ते ब्रेकाचं नळकांडं बी. त्याच्यात तर तेल भरून ठेवलं व्हतं बेट्यानं. वतून दिलं, आतून डिझेलनं खळखळ धुतलं, पुसलं, पाटावर ठिवलं, कुंकू लावलं. संध्याकाळी आला अन् बसवलं त्यानं. त्याला वळखू बी आलं नाय."

"आबा, त्यात रबर होतं."

"असंल की. रबर काय येगळं काढून धुतेत?"

लग्नाआधी नंदिनी वाळूजच्या एका कारखान्यात दोन वर्षं प्रयोगशाळेत होती. बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या तिथल्या चार मुलींचं काम एकच, रबराच्या रिंगा निरनिराळ्या तेलांत बुडवायच्या आणि काढून मोजायच्या. त्यामुळं तिला हे कुणाला विचारावं लागलं नाही. ब्रेकचं रबर ब्रेकच्याच तेलात राहतं. डिझेल लागलं की ते फुगतं. लगेच नाही, पण रात्रभरात फुगतं, मऊ पडतं, नळीत अडकून बसतं. काल संध्याकाळी सुदर्शननं कॉलनीत एक चक्कर मारली तेव्हा ब्रेक छान लागले असतील. काल सगळंच छान असणार होतं.

बादली कोपऱ्यातच होती. तिनं बाही वर न करताच आत हात घातला. तळाशी बोटांना काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर वाटीच्या आकाराचं इवलंसं रबर, ब्रेकच्या नव्या रबरांच्या किटमधलं उरलेलं. ते बाटलीच्या झाकणाएवढं असायला हवं होतं. आता ते दीडपट, भिजवलेल्या वाटाण्यासारखं टम्म झालं होतं आणि चिमटीत धरलं की दबत होतं.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

ती फोनकडं पळाली. रिंग वाजत राहिली. त्या गाडीत शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं खिशातला फोन काय ऐकू येणार. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा पडद्यावर सुदर्शनचाच निरोप दिसला, दहा मिनिटांपूर्वी आलेला. माऊलीचा फोटो, दात दाखवणारा, केस उडालेले. खाली लिहिलं होतं, "हर्सूल टी पॉइंटला आहोत. साहेब जाम खूश. आता आलोच आहोत तर पिशोरला आईला सोनं देऊन येतो, ती एकटी आहे. जेवायला परत. चिडू नकोस."

पिशोर. म्हणजे हर्सूल, सावंगी आणि मग चौक्याचा घाट.

तिनं लिहिलं, "थांबा. ब्रेक खराब आहेत. जिथं असाल तिथं थांबा." फोटोच्या वर, सकाळी आठ वाजताचा तिचाच निरोप होता, "ब्रेक परत एकदा बघा ना." त्याच्या वर कालचा, "ब्रेक बघितले का?" सगळे सारखेच दिसत होते. हा तिसरा त्यांत कसा ओळखू येणार?

"आबा, मी निघते."

"म्या बी येतो."

"तुमचा डोळा."

"डोळ्याला आग लागू दे," म्हातारा म्हणाला आणि तिच्याआधी स्कूटीजवळ जाऊन उभा राहिला.

रस्ताभर दसरा होता. झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या विकायला बसलेल्या बायका, हार घातलेले ट्रक, जेसीबी, रिक्षा. सगळ्या जगाची वाहनं आज धुऊनपुसून बाहेर काढलेली आणि सगळी तिच्या आडवी येत होती. सिडकोच्या चौकात सिग्नल सुटेपर्यंत नंदिनी पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. रिंग. मागं बसलेल्या आबांनी तिच्या खांद्यावरचा हात आवळला.

"लई वाईट असतं का ते?" आबांनी तिच्या कानाशी विचारलं. "रबराला डिझेल लागलं म्हंजी?"

"हो."

"गाडी थांबत नाय?"

"थांबते. कधी थांबते, कधी चिकटून बसते, आणि कधी..." पुढचं तिनं गिळलं. तोंडातून काढलं तर खरं होईल असं तिला वाटलं.

टी पॉइंटच्या अलीकडं आबा पुन्हा बोलले. "नंदा, एक ऐकशील? सुद्याला सांगू नको म्या धुतलं म्हून."

तिनं पुढची रिक्षा ओलांडली.

"डोळ्याचं झाल्यापून तो मला कशालाच हात लावू देत नाय. चहाचा कप बी हातात आणून देतो. येवढी हत्यारं तेवढी म्या केली व्हती."

"बघू, आबा," ती म्हणाली. तिचं लक्ष पुढं होतं. हर्सूलमध्ये रस्त्याच्या कडेला माणसं गोल करून उभी होती आणि त्यांच्या पायांमधून डांबरावर लाल दिसत होतं. चांगलं पसरलेलं, ओलं लाल.

तिचे हात ब्रेकवर कसे गेले तिला कळलं नाही. स्कूटी तिरपी झाली, आबांनी पाय टेकवला. गर्दीच्या पलीकडं काय आहे ते बघायला तिला मान उचलता येईना. तिनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पेटीत तो छाती वर उचलायचा, मग थांबायचा, आणि त्या थांबण्यात ती स्वतःचा श्वास धरून ठेवायची. चार.

"कोहळा हाय," आबा म्हणाले. "कोहळा फोडलाय, बाई. कुंकू भरून. टायरचं दुकान हाय ते."

माणसं हसत पांगली. रस्त्यावर कोहळ्याच्या फोडी पडल्या होत्या, बिया, कुंकवाचं पाणी. कुणीतरी त्यांना प्रसादाचा पेढा द्यायला हात पुढं केला. नंदिनीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती निघाली ती थेट सावंगीपर्यंत काट्याकडं न बघता. जन्मात एवढ्या जोरात तिनं काही चालवलं नव्हतं.

सावंगीच्या पुढं, जिथून समोर घाटाचे डोंगर उभे राहिलेले दिसतात, तिथं एका ढाब्याजवळच्या लिंबाखाली ती लाल गाडी उभी होती.

उभी होती. चारही चाकांवर. नंदिनीला आधी तेवढंच दिसलं. मग सीटवरून जेमतेम वर आलेलं माऊलीचं डोकं. मग पुढच्या चाकाशी वाकलेला सुदर्शन, हातात पाना. जवळ गेल्यावर वास आला, तव्यावर चपाती करपून काळी झाल्यावर येतो तसा, पण त्याहून कडू.

"अरे, तुम्ही कशाला आलात?" सुदर्शन उठला. कपाळावर तेल, चेहऱ्यावर हसू. "आणि आबांना उन्हात? वेडी झालीस का?"

"आई, चाकातून धूर आला," माऊली म्हणाला.

"काही नाही रे, ब्रेक जरा धरत होते. नवं रबर आहे, बसायला वेळ लागतो. थोडं ऑइल सोडून मोकळे केले. बघ." त्यानं गाडीला मागून हात लावला. गाडी हातभर पुढं सरकली. "लोण्यासारखी."

नंदिनी माऊलीच्या बाजूला गेली आणि पट्ट्याच्या कडीवर बोटं दाबली. तिच्याच हट्टापायी बसवलेला पट्टा. कडी जुनी, पोलादी. दाबली, ओढली, पुन्हा दाबली. सुटेना.

"पट्टा काढा."

"कशाला? आम्ही निघालो. दोन वाजेपर्यंत परत."

"घाटात न्यायची नाही ही."

"नंदिनी." त्यानं आवाज खाली आणला. ढाब्यावरची दोन माणसं बघत होती. "शीव म्हणालीस, शीव ओलांडली. वीस म्हणालीस, वीसनं आलो. सायकलवाले पुढं जात होते माझ्या. आई तिकडं एकटी बसलीय सणाची. आता अजून काय?"

तिनं मुठीतलं रबर पुढं केलं. एवढा वेळ ती तळव्याखाली त्याला हँडलवर दाबून धरून आली होती. "हे बघा. फुगलंय. आतलं पण असंच फुगलं असणार. म्हणून धरतायत ब्रेक."

त्यानं ते घेतलं, उलटसुलट बघितलं, परत तिच्या हातात दिलं. "हे कुठलं काय उचलून आणलंस? जुनं असेल. मी नवं घातलंय, माझ्या हातानं. आधी भीती येते तुझी, मग तू तिला कारण शोधतेस." आणि तो वळसा घालून पलीकडच्या दारातून आत बसला.

इंजिन सुरू झालं. जमीन हादरली. माऊलीनं टाळ्या वाजवल्या. नंदिनीनं दोन हातांनी ती कडी ओढली, नख तुटलं, कडी तशीच. मग ती सोडून पुढं गेली आणि गाडीच्या तोंडासमोर उभी राहिली, गुडघे बंपरला लावून. एकशे दहा घोडे तिच्या हाडांतून वर चढत होते.

"बाजूला हो," सुदर्शनचे ओठ म्हणाले.

तिनं आबांकडं बघितलं. ते लिंबाच्या बुंध्याशी उभे होते. काळा चष्मा खाली, काठीच्या टोकाकडं. ते बोलतील म्हणून थांबायला तिच्याजवळ वेळ नव्हता. आणि त्यांचं नाव घेतलं की सुदर्शन त्यांना विचारणार, ते मान हलवणार की नाही कोण जाणे, मग वाद, मग अजून एक मिनिट. पोर त्या सीटवर अजून एक मिनिट.

"मी धुतलं ते," ती ओरडली. "काल. तुमचा ब्रेकचा सिलेंडर मी डिझेलमध्ये धुतला. तेल ओतून दिलं आणि आतून धुतला."

इंजिन बंद झालं. एवढी शांतता झाली की ढाब्यावरचा रेडिओ ऐकू आला.

"काय केलंस?"

"पूजेसाठी धुतला. डिझेलनं."

गंमत अशी, की दोन वर्षं तिच्या भीतीवर ज्यानं एकदाही विश्वास ठेवला नाही त्यानं तिच्या चुकीवर एका क्षणात ठेवला. तो पांढरा पडला. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं. झाकणाखालची रबराची चकती लोंबत वर आली. ती परत तिच्या खाचेत बसवायला गेला, तर बसेना. एका बाजूनं दाबली की दुसरीकडून बाहेर येत होती. तो ती दाबत राहिला. मग दारातून वाकून आत हात घातला आणि पेडल खाली दाबलं. पहिल्यांदा वर आलं. दुसऱ्यांदा हळू वर आलं. तिसऱ्यांदा खाली गेलं ते खालीच राहिलं.

त्यानं हात काढून घेतला. पेडल तसंच, गाडीच्या तळाला टेकलेलं.

"पट्टा," नंदिनी म्हणाली.

सुदर्शननं कडी दाबली. त्याचीही बोटं चालेनात. तीनदा दाबल्यावर ती सुटली आणि माऊली तिच्या अंगावर आला, उन्हानं तापलेला, घामट, चिक्कीच्या वासाचा. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. छाती वर येत होती, खाली जात होती.

आणि तेव्हा सुदर्शनचा स्फोट झाला. आतापर्यंत पोटात दाबलेली सगळी भीती त्याला बाहेर टाकायची होती, आणि टाकायला समोर तीच होती.

"अक्कल आहे का तुला? केमिस्ट्री शिकलीस ना? उठता-बसता ब्रेक, ब्रेक, ब्रेक, आणि स्वतःच्या हातानं... मी त्याला घेऊन घाट उतरणार होतो, कळतंय? खाली वळण आहे, कळतंय तुला? तुझ्यामुळं आज माझं पोर..."

नंदिनी ऐकत होती, पण ते बोलणं जणू रस्त्यापलीकडून येत होतं. ती माऊलीच्या हाताची बोटं बघत होती. तोही तिच्या चेहऱ्याकडं बघत होता, आता रडावं का हे ठरवत.

"तिला कामून बोलतो?"

आबा गाडीपाशी आले होते. त्यांनी चष्मा काढला होता. उजवा डोळा लाल, पाणी वाहत असलेला, उन्हात मिटत असलेला.

"आबा, चष्मा घाला. तुम्ही मध्ये पडू नका."

"म्या धुतलं. तिनं नाय. ती त्या शेडात पाय बी ठिवीत नाय, तुला ठावं नाय का? म्या धुतलं. खंडेनवमीचं म्हून समदं धुतलं. मला काय म्हाईत रबराचं. हिला आत्ता सकाळी कळलं, तवापून पोरगी उडत आलीय इथवर." त्यांनी काठी मातीत रोवली. "म्याच सांगितलं व्हतं तिला, माझं नाव घेऊ नको म्हून. म्या इथं उभा व्हतो. उभा व्हतो अन् बोललो नाय."

सुदर्शननं बापाकडं बघितलं, मग तिच्याकडं. काहीतरी म्हणायला त्यानं हात पुढं केला, तेलानं बरबटलेला, तो मध्येच थांबला आणि त्याचं काय करावं हे न कळल्यासारखा त्यानं तो पँटला पुसला. मग फोन काढला. फोनवर नंदिनीचे अकरा मिस्ड कॉल होते. त्यानं ते बघितले, पडद्यावर अंगठा धरून कितीतरी वेळ बघितले, आणि मग चांदपाशाचाचांचा नंबर लावला.

"चाचा," तो म्हणाला. पलीकडून चाचांचा मोठा आवाज इथपर्यंत ऐकू आला, "बोल ना बेटा. दसरा मुबारक. घोडे कैसे हैं?" सुदर्शननं नुसतं "टेम्पो घेऊन या, सावंगीच्या पुढं" एवढं सांगितलं.

घाटातून एक लोड केलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत खाली आला. त्याच्या तोंडाला झेंडूचे चार हार होते.

"आई, आपण आजीकडं नाही जायचं?"

"नाही."

"मग शीव?"

"शीव झाली, राजा."

तिनं त्याला कडेवर घेतलं आणि चालायला लागली, शहराच्या दिशेनं, रस्त्याच्या अगदी कडेनं, मातीतून. स्कूटीची किल्ली तिच्याकडंच होती हे तिच्या लक्षात होतं. पण आज पोराला घेऊन कशावरही बसायला तिचे पाय तयार नव्हते. मागं सुदर्शननं हाक मारली. "नंदिनी." मग पुन्हा, वेगळ्या आवाजात, "नंदू, थांब ना. अगं, थांब." आबाही काहीतरी म्हणाले. माऊली तिच्या खांद्यावरून मागं बघून हात हलवत होता, आपला बाबा कसा छोटा छोटा होत जातोय ते तिला सांगत होता.

ती थांबली नाही. पोराचा श्वास तिच्या मानेवर लागत होता आणि ती तो मोजत होती. लाल गाडी लिंबाच्या आड जाईपर्यंत ती मोजत चालली, आणि गेल्यावरही.